तिसऱ्या गिअरचा घाट

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गात कोणी पावसावर लिहायचे ठरवले, कोणी आईवर, तर कोणी वसतिगृहाच्या जेवणावर. मी म्हटले, मी इंजिनावर लिहिणार. सगळे हसले. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने इंजिनावर लिहायचे म्हणजे कीर्तनकाराने कुस्तीचा फड रंगवायचा, असे एकाने म्हणूनही घेतले. मराठीच्या सरांनी मात्र विचारले, "इंजिनाबद्दल तुला नेमके काय सांगायचे आहे?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आमच्या घरी एक मोटारसायकल आहे, हिरो होंडा स्प्लेंडर. त्या कंपनीचे नाव २०११ साली बदलले. पण आमच्या टाकीवर अजून जुनेच नाव आहे, तेही अर्धे पुसलेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गाडी २००५ साली घेतली आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. त्यामुळे आमच्या दोघांच्या वयाचा हिशेब घरात एकत्रच होतो. गाडीला किती वर्षे झाली, असे कोणी विचारले की आई आधी माझ्याकडे बघते आणि मग सांगते.

आमचे गाव वाईपासून चार-पाच किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला. शेत दीड एकर. त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी, घेवडा असे काहीबाही सतत चालू असते. संध्याकाळी काढलेली भाजी पहाटे गाडीवर लादायची, पसरणी घाट चढायचा आणि पाचगणीच्या हॉटेलांना व दुकानांना घालायची, हा अण्णांचा नेम. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. आई चौथी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि 'ही पायरी मी माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीच्या जोरावर चढलो', हे वाक्य मी पहिल्या वर्षाला वक्तृत्व स्पर्धेत टाळ्यांसाठी वापरलेही होते. टाळ्या पडल्या. त्या वाक्याचा खरा अर्थ मात्र मला २०२४ च्या दिवाळीत कळला.

आधी गाडीच्या ताकदीविषयी थोडे सांगतो. आमच्या गाडीचे इंजिन ९७.२ घनसेंटिमीटरचे आहे आणि नवेपणी तिची ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती असते. घोड्याच्या कामावरून यंत्राची ताकद मोजण्याची ही रीत जेम्स वॅटने अठराव्या शतकात रूढ केली. मी अण्णांना एकदा मोठ्या ऐटीत सांगितले होते, "अण्णा, तुमच्या मांडीखाली साडेसात घोडे आहेत." अण्णा म्हणाले, "मग वैरण लईच कमी खात्यात म्हनायचं."

पण हे साडेसात घोडे काही चोवीस तास हजर नसतात. इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेईल तेव्हा ते सगळे कामाला लागतात. रोजच्या चालीत गाडी त्यातल्या दोन-तीन घोड्यांवरच जाते. म्हणूनच सपाट रस्त्यावर म्हातारी गाडी आणि तरुण गाडी यांत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो घाटात, पाठीवर ओझे असताना.

अण्णा सांगतात की गाडी नवी होती तेव्हा पहिले काही दिवस ती 'आवळलेली' होती. दुकानदाराने बजावले होते की सुरुवातीला जोरात पळवू नका, ओझे घालू नका. अण्णांनी ते गुरुमंत्रासारखे पाळले. भाजी महिनाभर एस.टी.ने पाठवली. मग गाडी हळूहळू 'मोकळी' झाली आणि पहिल्यापेक्षा चांगली ओढायला लागली. मला ही भोळी समजूत वाटायची. नवी वस्तू दिवसेंदिवस जुनीच होणार, ती सुधारेल कशी? पण अण्णांचे म्हणणे खरे होते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनवरच्या रिंगा त्या रेघांवर घासून घासून आपली जागा करून घेतात. ती जागा नीट बसली की आतला दाब गळत नाही आणि इंजिनाची ताकद थोडी वाढते. म्हणजे गाडी जन्मतः पूर्ण ताकदीची नसते. आपल्याच घरात थोडी झिजल्यावर ती पूर्ण होते.

त्यानंतर येतो तो मोठा सपाटीचा काळ. वेळेवर ऑइल बदलले, एअर फिल्टर साफ ठेवला, टॅपेट जुळवत राहिले, तर कित्येक हजार किलोमीटर ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. माझे सगळे बालपण त्या सपाटीच्या काळात गेले. टाकीवर पुढे मी, मागे अण्णा आणि त्यांच्या मागे कोथिंबिरीचे गाठोडे. सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने घाटात जायचो. चढताना खाली धोमचे पाणी आणि वाईची घरे लहान लहान होत जायची. बुवासाहेबांच्या देवळाच्या वर एक वळण आहे. तिथे अण्णा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून, अंग किंचित डावीकडे कलवून, न थांबता वर काढायचे. मला वाटायचे, वळण अण्णाच ओढून आपल्याकडे घेतात.

गाडीचा किलोमीटरचा काटा दोनदा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववरून शून्यावर आला. मग त्याची केबल तुटली आणि तो कायमचा थांबला. २०१४ साली इंजिन एकदा उघडून बोअर केले होते, एवढे मला आठवते, कारण त्या आठवड्यात मी शाळेला चालत गेलो. २०२० साली गाडीला पंधरा वर्षे झाली तेव्हा नियमाप्रमाणे तिची तपासणी होऊन, कर भरून, नोंदणी पाच वर्षे वाढवून मिळाली. अण्णा ते कागद आईला दाखवत म्हणाले, "पास झाली बग." त्यानंतर तीन वर्षांनी मी बारावी पास झालो आणि साताऱ्याला वसतिगृहात राहायला आलो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी घरी नव्हतो. 'कमवा व शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले होते, म्हणून सुट्टीतही इथेच राहिलो. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत मी गाडीला हात लावला तो जवळजवळ वर्षाने. अण्णांचा गुडघा दुखत होता, म्हणून म्हटले, आज मी चालवतो, तुम्ही मागे बसा. भाजीची दोन क्रेट मागे बांधली. नेहमी चार असायची. मला वाटले, दिवाळीमुळे मागणी कमी असेल.

घाट लागला आणि माझ्या लक्षात आले की ही गाडी माझ्या ओळखीची नाही. मूठ पिळली तरी ती उचलच घेत नव्हती. आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. मागे निळसर धुराची रेघ. देवळाच्या वरच्या वळणावर तिसऱ्यात ती धडधडून बंद पडते की काय असे झाले. मी घाईने दुसरा टाकला, पुढे पहिलाही टाकावा लागला. बाजूने एक मुलगा नव्या गाडीवर, मागे मित्राला बसवून, गाणे म्हणत निघून गेला.

मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "अण्णा, हिचा दम गेला."

अण्णा म्हणाले, "कुटं काय झालंय? हाय तशीच हाय. तुझाच हात मोडलाय."

"तिसऱ्यात चढायची ही. आता पहिल्यात घालावी लागली."

"पैल्यापास्नं तसंच हाय."

मला राग आला. वाईट सांगायचे तर, लाजही वाटली. त्या नव्या गाडीवरच्या मुलाने आम्हांला पाहिले होते. मी बोलून गेलो, "संपली ही गाडी. मोडीत घाला एकदाची." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी क्रेटची दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "चल. हॉटेलवाला वाट बगत आसंल."

दुसऱ्या दिवशी मी गाडी वाईला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. मनात हेच की मिस्त्रींकडूनच वदवून घ्यावे, गाडी संपली म्हणून. मिस्त्री साठीच्या पुढचे. राजदूतचे सायलेन्सर जाळून साफ करण्याच्या काळापासून हात काळे केलेले. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पाना हातात न घेता आधी गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबले.

"ब्रेक धरतोय," ते म्हणाले. "आता ह्यात इंजिनाचा काय दोष? त्ये ओढतंय आन् ब्रेक मागं खेचतोय."

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. चेन सैल पडून कोरडी झालेली. एअर फिल्टर शेतातल्या धुळीने इतका भरलेला की मिस्त्रींनी तो उन्हाकडे धरला तर पलीकडचा उजेड दिसेना. "तुझं नाक दाबलं तर तू घाट चढशील का?" क्लचच्या प्लेटा घासलेल्या, म्हणून इंजिन फिरायचे, पण ती फिरकी चाकापर्यंत पूर्ण पोहोचायची नाही. मूठ पिळल्यावर नुसता आवाज वाढायचा तो त्यामुळे. प्लगचे तोंड काळे. मागच्या टायरात हवा कमी. ही सगळी कामे त्यांनी तासा-दीड तासात उरकली आणि म्हणाले, "जा, भद्रेश्वरापर्यंत नको, नुसता पुलापर्यंत फेरी मारून ये." मी फेरी मारून आलो. गाडी बरीच बदलली होती. गेलेला अर्धा दम त्या दीड तासात परत आला होता.

तेव्हा मला पहिली गोष्ट कळली. गाडीची ताकद कमी झाली म्हणजे इंजिन म्हातारे झाले असे नाही. इंजिनात निर्माण होणारी ताकद आणि चाकापर्यंत पोहोचणारी ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या वाटेवर ती खाणारे पुष्कळ असतात. आपण मात्र सगळे वयाच्या नावावर घालून मोकळे होतो.

"आता राहिलेला अर्धा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी प्लग काढला, भोकावर माझा अंगठा ठेवायला लावला आणि किक मारली. "आंगटा उडाला का?" थोडा दाब जाणवला, पण अंगठा जागचा हलला नाही. नव्या इंजिनात तो दाबून धरता येत नाही म्हणे. मग त्यांनी त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले, दोन-चार किका मारल्या आणि पुन्हा अंगठा ठेवायला सांगितले. या वेळी दाब चांगलाच वाढला.

"बग. ऑइल गेल्यावर दाब वाढला, म्हंजी रिंगा आन् सिलिंडर यांच्या मदनं गळतंय. वाढला नसता तर म्हनलो आसतो, व्हॉल्व्ह गळतोय. डाक्टर छातीला नळी लावतो न्हवं, तसंच ह्ये."

कोणतेही महागडे यंत्र नाही, कोणते पुस्तक नाही. एक अंगठा आणि एक चमचा ऑइल. आमच्या तर्कशास्त्राच्या पेपरात कारण शोधण्याच्या रीती आहेत. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि परिणाम बघायचा. मी त्या रीती पाठ केल्या होत्या. त्या वापरताना मी प्रथमच कोणाला पाहिले.

संध्याकाळी ब्लॉक उतरवला. मिस्त्रींनी सिलिंडर माझ्या हातात दिला आणि आत वरच्या बाजूला नख फिरवायला सांगितले. नख एका बारीक कडेला अडले. पिस्टनची सर्वांत वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते तिथून खाली भिंत झिजलेली आणि तिच्या वरची पट्टी तशीच राहिलेली, म्हणून ती कड. स्फोटाचा जोर आणि उष्णता तिथेच सर्वांत जास्त, ऑइल तिथेच सर्वांत कमी, म्हणून झीजही तिथेच जास्त. डोळ्यांना काही दिसत नव्हते. केसाएवढी झीज. पण तेवढ्या फटीतून दाब खाली गळतो, ऑइल वर चढून जळते आणि निळा धूर निघतो.

मी विचारले, "हे असे किती दिवसांत होते?"

"दिवसांत न्हाय होत, बाबा. ह्याचं काम दोन वर्सामागंच निघालं हुतं." मिस्त्री चिंध्येने हात पुसत होते. "तुजं वडील पैसं घ्यून आलं हुतं. मी म्हनलं, उतरवू ब्लॉक? तर म्हनलं, थांबा, पोराची अ‍ॅडमिशन हाय, सोमवारी सांगतो. ग्येल्या सालच्या जूनात पुन्यांदा आलं, पुन्यांदा तसंच. त्यो सोमवार आज उगावला."

मी काही बोललो नाही. २०२३ चा जून माझ्या डोळ्यांसमोर आला. आपल्या कॉलेजच्या खिडकीपुढे रांगेत अण्णा उभे होते. फी आणि वसतिगृहाची अनामत भरायची होती. त्यांनी खिशातून नोटा काढल्या त्या एका लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या आणि पिशवीवर वाईच्या सुट्या भागांच्या दुकानाचे नाव होते. ते नाव मी तेव्हा वाचलेही होते. रांगेत वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून वाचले होते.

घरी येऊन आईला विचारले, "अण्णा हल्ली पहाटे किती वाजता निघतात?" आई म्हणाली, साडेतीनला. पूर्वी पाचला निघायचे. "कधीपासून?" आईला सांगता येईना. आधी पावणेपाच झाले, मग साडेचार, मग चार... गाडी चार क्रेट ओढेना, म्हणून अण्णा दोन-दोन क्रेटच्या दोन खेपा करत होते. दिवाळीमुळे मागणी कमी झालेली नव्हती. त्या दिवशी माझ्याबरोबर वर जाऊन आल्यावर, मी अंथरुणावर आडवा झालो तेव्हा, ते एकटे दुसरी खेप करून आले होते.

"मला का नाही सांगितले?" मी अण्णांना विचारले.

"सांगन्यासारखं काय हुतं त्यात?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. गाडीचे दोन घोडे एका रात्रीत गेले असते, तर अण्णांनी त्याच सकाळी गाडी उभी केली असती आणि घरात सगळ्यांना ते कळले असते. पण ताकद तशी जात नाही. ती रोज इतकी थोडी जाते की चालवणाऱ्याचा हात तिच्याशी जुळवून घेतो. मूठ किंचित जास्त पिळायची. गिअर चार पावले आधी बदलायचा. एक क्रेट कमी घ्यायचे. पाव तास आधी उठायचे. गेलेली ताकद अशी कुठे हवेत नाहीशी होत नव्हती, ती अण्णांच्या झोपेतून भरून निघत होती. मला ती कमतरता एका क्षणात जाणवली ती माझी हुशारी नव्हे. वर्षभर दूर राहिलो होतो, म्हणून जाणवली. आणि जाणवल्यावर मी काय केले? मोडीत घाला म्हणालो.

बोअरचा खर्च साडेपाच हजार निघाला. ग्रंथालयाच्या कामाचे माझे सहा हजार साठले होते. त्यात जुना मोबाइल बदलायचा बेत होता. मी ते पैसे अण्णांपुढे ठेवले. अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग त्यांनी भाजीच्या हिशेबाची वही काढली, तारीख घातली आणि लिहिले, 'मुलाकडून उसने ५५००'. मला ते लागले. पण आता वाटते, त्यांनी तसे लिहिले ते बरेच झाले. माझी फी त्यांनी कुठल्याच वहीत लिहिलेली नाही.

लेथवर सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठा करून घेतला. मूळ व्यास ५० मिलिमीटर, तो ५०.५ झाला आणि त्या मापाचा नवा पिस्टन बसला. 'पन्नासचा पिस्टन' असे मिस्त्री म्हणतात, ते पन्नास म्हणजे मिलिमीटरचे शतांश. आमच्या वसतिगृहातल्या शास्त्र शाखेच्या मित्राने गणित करून दाखवले की त्यामुळे इंजिन ९७ वरून ९९ घनसेंटिमीटरचे झाले. मला याची मोठी गंमत वाटली. एकोणीस वर्षे झिजून आमचे इंजिन जन्मले त्यापेक्षा मोठे झाले!

सुट्टी संपून परत आल्यावर मी ग्रंथालयात मराठी विश्वकोश उघडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे पहिले प्रमुख संपादक, तो विश्वकोश वाईलाच तयार झाला. ज्या गॅरेजमध्ये मी अंगठा धरून बसलो होतो, त्याच गावात. त्यात अंतर्ज्वलन एंजिनाची माहिती आहे. तिथे पिस्टनला 'दट्ट्या' म्हटले आहे आणि व्हॉल्व्हला 'झडप'. पुढच्या खेपेला मी मिस्त्रींना हे शब्द सांगितले, तेव्हा ते इतके हसले की हातातला पाना खाली पडला. पण मग त्यांनी विचारले, "आपल्या वाईत लिवलंय? आन् त्यात कड पडल्याचं लिवलंय का?" मी म्हटले, पुन्हा बघून सांगतो. मिस्त्रींची विद्या पुस्तकात आणि पुस्तकातली विद्या मिस्त्रींपर्यंत नेणारा कोणी तरी असायला हवा, असे मला त्या दिवशी वाटले. मी कॉलेजात का आलो, या प्रश्नाचे एक लहानसे उत्तर तेवढ्यात मिळाले.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी अण्णांची आणि गाडीची तुलना केली होती. दोघेही झिजले, दोघांचेही सांधे वाजतात, वगैरे. जानेवारीत घरी गेलो तेव्हा तो भाग अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "त्ये काढून टाक. गाडीला पिस्टन बाजारात मिळतो." मी तो भाग काढून टाकला आहे.

नवा पिस्टन बसला की गाडी पुन्हा नव्यासारखी हळू चालवावी लागते. रिंगांना पुन्हा आपली जागा करून घ्यायची असते. म्हणून एकोणीस वर्षांच्या गाडीला अण्णांनी पुन्हा पहिल्या महिन्यासारखे जपले. पहिले पाचशे किलोमीटर निम्मेच ओझे. मग ऑइल बदलले. मग तीन क्रेट. जानेवारीच्या त्या सुट्टीत पहिल्यांदा चार क्रेट बांधली. अण्णांनी चावी माझ्याकडे दिली आणि स्वतः मागच्या सीटच्या उरलेल्या बोटभर जागेत बसले. निघालो तेव्हा पाच वाजले होते.

देवळाच्या वरचे वळण आले. सवयीने माझा पाय दुसऱ्या गिअरसाठी हलला. मागून अण्णांचा हात खांद्यावर आला. "ऱ्हाऊ दे तिसऱ्यात."

तिसऱ्यातच ठेवला. गाडी किंचित कण्हली आणि वर निघाली. खाली धोमच्या पाण्यावर अजून अंधार होता.

दांडेघरच्या अलीकडे मात्र ती पुन्हा जराशी जड वाटली. माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलायच्या आतच अण्णा म्हणाले, "हितं समद्याच गाड्या दमत्यात." तेही खरे होते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. वर हवा विरळ होत जाते आणि दर शंभर मीटरला ताकदीचा शेकडा एक भाग कमी होतो. नवी असो की जुनी, चढणाऱ्या प्रत्येक गाडीचे तेवढे जातेच. पण हे गणित मी त्या वेळी अण्णांना सांगितले नाही. त्यांचे वाक्य पुरेसे होते.

अण्णांनी उसन्यापैकी पहिले पाचशे रुपये गेल्या महिन्यात परत केले. मी ते घेतले.